दोन जुन्या गोळ्या, एक नवी गोळी: शोध नेमका कोणाचा?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषय पेटंटचा आहे. नाव ऐकून पुढे सरकू नका, कारण हा विषय तुमच्या-माझ्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत येतो.

गेल्या आठवड्यात स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. पूर्वी दोन वेगळ्या गोळ्या होत्या, आता डॉक्टरांनी दोन्ही औषधं असलेली एकच लिहून दिलीय. मेडिकलवाल्या अण्णांनी पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "काय हो पत्रकार, दोन औषधं एका गोळीत घातली की नवीन नाव, नवीन डबी. ह्याला शोध म्हणायचं का?"

अण्णा चेष्टेत बोलले. पण गंमत अशी की नेमक्या याच प्रश्नावर जगभरची कोर्टं सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं डोकं लावत आहेत. आणि उत्तर काय येतं, त्यावर काही औषधांची किंमत ठरते. कधी कधी माणूस जगतो की मरतो, तेही.

मला हा प्रश्न जवळचा वाटतो त्याला कारण आहे. १९९१ साली माझ्या वडिलांना टीबी झाला. मी शाळेत होतो. दवाखान्यातला कंपाउंडर कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून द्यायचा. रोज सकाळी अनशापोटी मूठभर गोळ्या. लघवी केशरी व्हायची, आजी घाबरायची. वडिलांना मळमळायचं. मग एखाद्या दिवशी ते पुडीतली एखादी गोळी हळूच बाजूला ठेवायचे. आई रागवायची, "सगळ्या घ्या हो, डॉक्टरांनी सांगितलंय ना." त्या वेळी मला कळत नव्हतं, की एक गोळी टाळली तर एवढं काय बिघडतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की सगळं तिथेच बिघडतं.

तर सुरुवात टीबीपासूनच करू.

१९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याच्या हाती स्ट्रेप्टोमायसिन लागलं. टीबीवर खऱ्या अर्थाने चालणारं पहिलं औषध. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९४८ साली निकाल छापून आले. सुरुवातीला रुग्ण झपाट्याने सुधारले. पण काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनात. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक फारसा उरला नव्हता. एकट्या औषधाला जंतूने चकवलं होतं.

मग डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास नावाचं दुसरं औषध दिलं. १९५० साली ब्रिटिशांनीच दाखवून दिलं, की दोन औषधं बरोबर दिली तर जंतूंचा हा डाव बराचसा फसतो. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. टीबीच्या उपचाराचा हा पाया. म्हणजे "टीबीची औषधं एकत्र द्यावीत" ही कल्पना १९५० पासून जगजाहीर आहे. हे साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. हे औषध प्रागमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९१२ सालीच बनवून ठेवलं होतं. पीएचडीसाठी. ते कशावर चालतं हे त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांना जवळपास एकाच वेळी कळलं, की हे टीबीवर जबरदस्त चालतं. पेटंट घ्यायला गेले तर पदार्थ जुना, सगळ्यांना माहीत असलेला. त्यामुळे त्या पदार्थावर कुणाची मालकी बसली नाही, औषध स्वस्त राहिलं. आजही ते टीबीच्या उपचारात आहे.

आणि हे औषध गरिबाच्या घरी पोचवण्याचं काम आपल्या देशात झालं. १९५६ साली मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झालं. तोपर्यंत टीबी म्हटलं की सॅनेटोरियम. आपल्याकडे पाचगणी, मिरज ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी त्यामुळेच आहेत. मद्रासच्या डॉक्टरांनी १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात. दोघांनाही औषधं तीच, आयसोनियाझिड आणि पास. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. जगातली सॅनेटोरियमं बंद होत गेली त्याला या अभ्यासाचा मोठा हातभार आहे. हे शाळेच्या पुस्तकात का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. असो.

आता कायद्याकडे वळू. पेटंट म्हणजे सरकार आणि शोध लावणारा यांच्यातला सौदा. तू काहीतरी नवीन शोधलंस, ते जगाला उघड करून सांग, बदल्यात वीस वर्षं ते दुसरं कुणी बनवणार नाही. सौदा वाजवी आहे. पण अट आहे, की देणाऱ्याने खरंच काहीतरी दिलं पाहिजे. जे लोकांना आधीच माहीत आहे, किंवा त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचलं असतं, ते देऊन वीस वर्षांची मक्तेदारी मागता येत नाही.

"सहज सुचलं असतं" म्हणजे काय, इथे सगळं घोडं अडतं.

१८९० सालची इंग्लंडमधली केस बघा. एका यंत्रात मांस बारीक व्हायचं. दुसऱ्या यंत्रात ते सॉसेजच्या आवरणात भरलं जायचं. दोन्ही यंत्रं जुनी. एकाने दोन्ही जोडून एक यंत्र केलं आणि पेटंट घेतलं. यंत्र सोयीचं होतं, खपलंही असेल. पण कोर्ट म्हणालं, की दोन्ही भाग आपापलं जुनंच काम करतायत. जोडल्यामुळे तिसरं काही घडलं नाही. त्यात शोध नाही. पेटंट गेलं. विल्यम्स विरुद्ध नाय हा तो खटला, आणि इंग्लंडमधले न्यायाधीश या शतकातही तो काढून वाचतात.

आता आपल्याकडची केस. मला ही जास्त आवडते, कारण ती भांड्यांची आहे. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. भांडं लेथवर चढवून घासायचं, चकचकीत करायचं, हे तिथल्या कारागिरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. फिरताना भांडं सुटून उडायचं, इजा व्हायची. तिथल्या एका कंपनीने भांडं लेथवर घट्ट धरून ठेवायची युक्ती काढली आणि १९५१ साली पेटंट घेतलं. शेजारच्या भांडीवाल्यांनी तशीच पद्धत वापरली तेव्हा त्यांना कोर्टात खेचलं. खटला चालत चालत सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, लेथला वस्तू दोन्ही बाजूंनी दाबून धरणं हे त्या धंद्यात जुनंच आहे. माहीत असलेल्या गोष्टी नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या, त्यात बुद्धीची झेप नसेल, तर तो शोध होत नाही. पेटंट रद्द झालं.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मची ही केस. आज कोट्यवधींच्या औषधांवर भांडणारे वकील ज्या निकालाचा दाखला देतात, तो निकाल पितळी भांडी घासण्यावरून लागलाय. तांबट आळीत वाढलेल्यांनी मान ताठ करावी अशी गोष्ट आहे.

या दोन केसमधून कसोटी मिळते ती साधी आहे. गोष्ट उपयोगी आहे का, हा एक प्रश्न. ती शोध आहे का, हा दुसरा प्रश्न. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. एकत्र केलेली गोळी आईला सोयीची आहे, यात वाद नाही. म्हणून ती शोध ठरत नाही.

आता औषधांच्या पेटंटचा आपला इतिहास थोडक्यात. इंग्रजांनी १९११ साली पेटंटचा कायदा आणला. स्वातंत्र्यानंतरही तो चालू होता. देशात औषधं महाग होती, पेटंटं बहुतेक परदेशी कंपन्यांची होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला, त्याच्या आधारावर १९७० चा कायदा झाला आणि १९७२ मध्ये लागू झाला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही कमी मुदतीचं. या एका तरतुदीने आपले औषध कारखाने उभे राहिले. त्याच कायद्यात कलम ३(ई) होतं: नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे गुण फक्त एकत्र येतात, तो शोध नाही. अण्णांचा प्रश्न कायद्याने १९७० सालीच विचारून ठेवला होता म्हणायचं.

मग एड्स आला.

एझेडटी हे पहिलं औषध. तेही जुनंच. १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी कॅन्सरसाठी बनवलं, चाललं नाही, पेटंटही न घेता फडताळात ठेवून दिलं. वीस वर्षांनी एचआयव्हीवर त्याचा उपयोग दिसला, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि वर्षाचा खर्च आठ-दहा हजार डॉलर सांगितला गेला. पण इथेही टीबीचीच गोष्ट पुन्हा घडली. एकट्या औषधाला विषाणूने चकवलं. १९९५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, की दोन औषधं एकत्र दिलेली बरी. लवकरच तीन औषधांचा उपचार सुरू झाला आणि श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू धडाधड कमी झाले.

आपल्याकडे आणि आफ्रिकेत मात्र माणसं मरत होती, कारण तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आमच्या हायवेवरच्या ढाब्यांच्या पट्ट्यात त्या काळात काय चाललं होतं ते वार्ताहर म्हणून मी पुढे थोडं पाहिलंय. ड्रायव्हर घरी यायचा, वाळत जायचा, घरचे "कावीळ" सांगायचे. मग बायको.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी जाहीर केलं, की तीन औषधांचा उपचार सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. आणि तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ एकेक. ट्रायोम्यून तिचं नाव. ही गोळी भारतातच का होऊ शकली? तिन्ही औषधं बाहेर तीन वेगळ्या कंपन्यांच्या पेटंटमध्ये अडकली होती. तीन मालक एका गोळीत बसणार कसे? आपल्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंटच नव्हतं, म्हणून मुंबईची कंपनी ती करू शकली.

पण ती मुभा संपत आली होती. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना झाली, भारताने सही केली, आणि दहा वर्षांच्या मुदतीनंतर १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पदार्थाचं पेटंट पुन्हा सुरू झालं. संसदेत तेव्हा डाव्या पक्षांनी आणि बाहेर रुग्णसंघटनांनी जोर लावला, म्हणून कायद्यात काही कुंपणं राहिली. ३(ई) राहिलं. ३(डी) कडक झालं: माहीत असलेल्या पदार्थाचा नवा अवतार असेल तर त्याचा गुण वाढलाय हे दाखवा. २०१३ साली कॅन्सरच्या ग्लिव्हेक औषधावर सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस हरली ती याच कलमावर. आणि एक कुंपण असं, की पेटंट मिळण्याआधी कोणीही त्यावर हरकत घेऊ शकतो. कायद्यातला शब्दच "कोणतीही व्यक्ती" असा आहे. कंपनी पाहिजे असं नाही, वैज्ञानिक पाहिजे असं नाही.

या "कोणतीही व्यक्ती"ने काय केलं बघा.

ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कंपनीचं कॉम्बिव्हिर हे औषध. आत काय? एझेडटी आणि लॅमिव्ह्युडिन. दोन्ही जुनी. कंपनीने भारतात पेटंट मागितलं ते या दोन्हींच्या एकत्र गोळीवर, ज्यात सिलिकॉन डायऑक्साइड मिसळलं होतं. हा पदार्थ गोळ्यांची पावडर मशीनमध्ये नीट सरकावी म्हणून औषध कारखान्यांत सर्रास वापरतात. जुनं अधिक जुनं, अधिक कारखान्यातली रोजची पावडर.

३० मार्च २००६ रोजी कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात याच्यावर हरकत दाखल झाली. कुणाची? मणिपूरमधल्या एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनेची आणि त्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेची. ज्यांना ती गोळी रोज घ्यायची होती, त्यांची. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे नुसतं मिश्रण आहे, जाणत्या माणसाला सहज सुचणारं आहे, आणि याला पेटंट मिळालं तर आमची स्वस्त गोळी बंद होईल. त्या ऑगस्टमध्ये बंगळुरूत निदर्शनं झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने अर्ज मागे घेतल्याचं जाहीर केलं.

आता टीबीकडे परत येऊ, कारण गोष्ट तिथेच पुरी होते.

अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात, आजार नसतो. ते जागे होऊ नयेत म्हणून पूर्वी आयसोनियाझिड सहा-नऊ महिने रोज द्यायचे. कोण घेणार? बरं असताना नऊ महिने रोज गोळी खाणारा माणूस मला तरी भेटला नाही. २०११ साली सुमारे आठ हजार लोकांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. आठवड्यातून एकदाच, अशा फक्त १२ वेळा रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड एकत्र दिलं तर काम होतं. रिफापेंटिन अमेरिकेत १९९८ पासून वापरात होतं. आयसोनियाझिड आपलं १९१२ चं. ही चाचणी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने चालवली होती, म्हणजे लोकांच्या पैशाने.

सुट्या गोळ्या घ्यायच्या तर एका वेळी नऊ-दहा व्हायच्या. एकत्र केल्या तर तीन. म्हणजे एकत्र गोळी खरंच हवी होती. सनोफी या फ्रेंच कंपनीने ती बनवली आणि भारतासह अनेक देशांत पेटंटसाठी अर्ज केले.

कंपनीची बाजूही सांगतो. हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळले तर पोटातल्या आम्लात एकमेकांना बिघडवू शकतात. म्हणून कंपनीने दोन्हींचे दाणे वेगवेगळे करून एका गोळीत बसवले. यात कष्ट आहेत, खर्च आहे. पण रिफापेंटिनचा थोरला भाऊ रिफॅम्पिसिन, तो आयसोनियाझिडबरोबर असाच बिघडतो हे आधीपासून माहीत होतं. १९९० च्या दशकाअखेरीस आपल्याच देशातल्या संशोधकांनी त्यावर काम छापलं होतं. भांडणाऱ्या दोन पोरांना वेगवेगळ्या बाकावर बसवायचं, हे कुठल्या मास्तरला सुचत नाही?

मुंबईतल्या एका रुग्णहक्क कार्यकर्त्याने आणि दिल्लीतल्या एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनेने हरकती घेतल्या. जगभरच्या संघटनांनी दबाव आणला. २०१९ संपता संपता सनोफीने हे अर्ज मागे घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी मुंबईच्याच मॅक्लिओड्स कंपनीची एकत्र गोळी बाजारात आली. गरीब देशांसाठी पूर्ण कोर्सचा दर साधारण १५ डॉलर.

१९५० साली माहीत झालेली गोष्ट २०१९ साली कुणाच्या खिशात जाणार होती. वर साल लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो.

प्रत्येक मिश्रण सहज सुचणारं नसतं. पार्किन्सनच्या आजारात लेव्होडोपा देतात. त्यातलं बरंचसं मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीरात खर्ची पडतं. त्याच्या जोडीला कार्बिडोपा दिलं तर लेव्होडोपा कमी लागतं आणि मळमळ कमी होते. गंमत म्हणजे एकट्या कार्बिडोपाचा त्या आजारावर काही उपयोग नाही. इथे एक अधिक एक अकरा झाले. आपला कायदाही अशा मिश्रणाला दार बंद करत नाही. तो एवढंच म्हणतो, की बेरजेपेक्षा जास्त काय झालं ते आकड्यांनी दाखवा. दाखवता आलं तर पेटंट घ्या, आमची ना नाही.

आणि दुसरं, मिश्रण करणं किती सोपं आहे हे आपल्या कंपन्यांनीही दाखवलंय, वाईट अर्थाने. सर्दी, ताप, अंगदुखी, काहीही एकत्र करून शेकडो गोळ्या बाजारात आणल्या. डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने तपासणी केली आणि मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्रणांवर एका फटक्यात बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या, बरीच वळणं घेऊन २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा बंदी आली. बाहेरची कंपनी मिश्रणाला शोध म्हणते तेव्हा ओरडायचं आणि आपली कंपनी निरुपयोगी मिश्रण विकते तेव्हा गप्प बसायचं, हा दुटप्पीपणा नको.

मग आज हे सगळं का सांगतोय?

कारण ते "कोणतीही व्यक्ती"चं दार आता थोडं लोटून घेतलंय. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. पेटंट मिळण्याआधीच्या हरकतीला पूर्वी शुल्क नव्हतं, आता आहे. आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे पेटंट कार्यालयातला कंट्रोलर आधी ठरवणार, मग पुढची सुनावणी. बाजू मांडणारे म्हणतात, की भलत्याच नावाने खोट्या हरकती टाकून लोक अर्ज वर्षानुवर्षं रखडवत होते. ते अगदीच खोटं नाही. पण त्यावर उपाय म्हणून उंबरठाच उंच केला, तर आधी कोण अडखळणार? वकिलांची फौज असलेली कंपनी नाही. मणिपूरची ती संघटना अडखळेल.

एकच उदाहरण देतो. नंदिता व्यंकटेशन ही मुंबईची मुलगी. टीबी झाला, उपचारातल्या इंजेक्शनने तिचे कान गेले. दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा तिसिले, तिचंही तेच. दोघींनी मिळून बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या औषधाच्या क्षारावर जॉन्सन अँड जॉन्सनने मागितलेल्या पेटंटला हरकत घेतली. कारण बेडाक्विलिन मिळालं, तर कान घालवणारी इंजेक्शनं टाळता येतात. मूळ पेटंट २०२३ मध्ये संपणार होतं, हे मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ऐकू न येणाऱ्या दोन मुलींचं म्हणणं सरकारी कार्यालयाला ऐकावं लागलं, कारण कायद्यात तसं दार होतं.

माझे वडील बरे झाले. त्यांच्या औषधांवर तेव्हा कुणाची मक्तेदारी नव्हती, म्हणून ती पुडी फुकट मिळाली. २०१७ पासून सरकारी टीबी केंद्रात ती सगळी औषधं एकाच गोळीत, वजनाप्रमाणे रोज मिळतात. बाजूला काढून ठेवायला एखादी सुटी गोळीच उरली नाही. वडील आज असते तर म्हणाले असते, "बरं झालं, मला लबाडी करता आली नसती."

परवा अण्णांना जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, एक गिऱ्हाईक केलं आणि म्हणाले, "म्हणजे नवीन गोळी आली की दोन गोष्टी विचारायच्या. लोकांच्या उपयोगाची आहे का? आणि यात नवीन नेमकं काय आहे?" मी म्हटलं, "अण्णा, अडीच हजार शब्दांत मला जे जमलं नाही ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत."

आपल्या तालुक्यात कुणाला टीबीच्या गोळ्या वेळेवर मिळत नसतील, केंद्रात साठा संपला असं सांगत असतील, तर कमेंटमध्ये किंवा मेसेंजरवर कळवा. नाव जाहीर करणार नाही. बातमी मात्र करणार.